गणित कोण घालतो?

गणित सोडवणाऱ्याचे कौतुक जगात फार होते. गणित घालणाऱ्याचे कोणी नावही घेत नाही. परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळवणाऱ्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, पण ज्याने तो पेपर काढला तो गृहस्थ त्या दिवशीही भाजीची पिशवी घेऊन मुकाट्याने घरी जात असतो. वास्तविक खरी सत्ता त्याची. त्याने हौदाला दोन नळ लावले, की सबंध महाराष्ट्रातली मुले दोन नळांनी हौद भरू लागतात. त्याने आठ मजूर लावले, की आठच मजूर भिंत बांधतात; त्यातला एखादा तापाने पडत नाही की मुकादमाशी भांडून घरी जात नाही. उत्तर मुलाने काढायचे हे खरे, पण ते कोणत्या अंगणात शोधायचे हे आधीच ठरलेले असते.

मी गेली वीस वर्षे मुलांना असली गणिते घालत आले आहे. वरच्या नळाने हौद इतक्या तासांत भरतो, खालच्या नळाने इतक्या तासांत रिकामा होतो, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल, हे त्यांतले एक सनातन गणित. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, खालचा नळ चालू ठेवून वरनं पाणी कशाला भरायचं? आधी तो बंद करा की!" वर्ग हसला. मीही हसले. म्हटले, "अरे, गणितात तसं दिलेलं नाही." तो खाली बसला, पण त्याचे वाक्य माझ्या मनात बसून राहिले.

दिवाळी जवळ आली की ते हटकून वर येते. दिवाळी हा दिव्यांचा सण, आणि दिवा म्हटला की आता आपल्याला तेल आठवत नाही, वीज आठवते. ती वीज यापुढे कशापासून करायची, यावर आपल्या देशात एक प्रचंड गणित चालू आहे. दगडी कोळशावर उभा असलेला संसार हळूहळू ऊन आणि वारा यांच्यावर आणायचा आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी जगाला सांगितले, की २०७० पर्यंत हवेत सोडलेला कार्बन आणि हवेतून काढून घेतलेला कार्बन यांची वजाबाकी भारत शून्यावर आणील. आणि २०३० पर्यंत कोळसा, तेल, वायू सोडून इतर साधनांची वीजक्षमता ५०० गिगावॅटपर्यंत नेईल. गिगावॅट हा शब्द ऐकून आपल्यासारख्यांची छाती दडपते. म्हणून घरगुती भाषेत सांगते: कोयनेचा सारा प्रकल्प १९६० मेगावॅटचा, म्हणजे दोन गिगावॅटलाही थोडा कमीच. तेव्हा ५०० गिगावॅट म्हणजे अडीचशेहून अधिक कोयना!

एवढे मोठे काम कोणाच्या बोलण्यावरून ठरते, असा प्रश्न मी एकदा शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत टाकला. विज्ञानाचे गुरुजी म्हणाले, "तज्ज्ञ ठरवतात." मुख्याध्यापक म्हणाले, "सरकार ठरवतं." आणि घंटा देणारे आमचे मामा चहाचे पेले उचलता उचलता म्हणाले, "पैसेवाले ठरवतात, दुसरं कोण?" तिघांचेही बरोबर होते. दिल्लीत मंत्रालये आहेत, २०१५ साली नियोजन मंडळाच्या जागी आलेला नीती आयोग आहे, १९७५ सालापासून देशाचा बहुतेक कोळसा खणणारी कोल इंडिया आहे. १९७४ साली निघालेली टेरी, १९८० चे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट, २०१० चे कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर अशा अभ्यासकांच्या संस्था आहेत. सौरपत्रे बसवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका आहेत. ही मंडळी बहुधा दिल्लीत भेटतात, इंग्रजीत बोलतात, आणि आपल्यापर्यंत येतो तो त्यांच्या बोलण्याचा शेवटचा आकडा. परंतु वाद घालणारा कोण हे विचारून भागत नाही. वाद कशावर घालायचा हे कोणी ठरवले, ते विचारावे लागते.

मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे मला याचा थोडा अनुभव आहे. पहिल्या प्रकरणात कोणाला आणायचे हे एकदा ठरले, की निम्मी कादंबरी तिथेच ठरते. जे पात्र पहिल्या पन्नास पानांत आले नाही ते शेवटी कितीही टाहो फोडून रडले तरी वाचकाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. देशाच्या हिशेबाचेही तसेच आहे. ज्याचे दुःख पहिल्या पानावर रकाना म्हणून आखलेले नाही, ते शेवटच्या पानावरच्या बेरजेत कुठून येणार?

महाराष्ट्राला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी १९१५ साली खोपोलीला पाण्यावरची वीज सुरू केली आणि पुढे मुळशीला धरण घ्यायचे ठरवले. गणित सुबक होते: सह्याद्रीवर इतका पाऊस, इतकी उंची, इतकी वीज, मुंबईत इतका धूर कमी. यातले काहीही खोटे नव्हते. पण मावळातल्या शेतकऱ्याची भातखाचरे त्या गणितात केवळ 'पाण्याखाली जाणारे क्षेत्र' म्हणून आली होती. १९२१ ते १९२४ पर्यंत त्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले, आणि त्या लढ्याने त्यांना 'सेनापती' हे नाव दिले. धरण झालेच. सत्याग्रह हरला असे म्हणतात, आणि एका अर्थी हरलाही. परंतु विजेच्या हिशेबात जमिनीच्या मालकाला स्वतःचा रकाना हवा, ही मागणी आपल्याकडे तिथे पहिल्यांदा मोठ्याने झाली.

दुसरी गोष्ट १९४३ ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. युद्धानंतर देशात वीज कशी वाढवायची याचा विचार करणाऱ्या समितीपुढे ऑक्टोबरात त्यांचे भाषण झाले. प्रश्न समोर मांडूनच ठेवले होते: वीज सरकारी असावी की खाजगी? अधिकार मध्यवर्ती सरकारचा की प्रांताचा? बाबासाहेबांनी हे प्रश्न बाजूला सारले नाहीत. पण त्यांच्याही मागे जाऊन विचारले, की स्वस्त आणि मुबलक वीज मुळात हवी कशासाठी? उत्तर त्यांनीच दिले: कारखानदारीसाठी, आणि कारखानदारी यासाठी, की शेतीवर लोटलेली ही माणसे दारिद्र्याच्या अखंड फेऱ्यातून सुटावीत. मालक कोण, या गणिताचे त्यांनी माणूस कसा सुटेल हे गणित करून टाकले. आज गिगावॅटचे आकडे वाचताना मला ते भाषण आठवते, आणि 'कशासाठी?' हा शब्द आपण कुठे ठेवून विसरलो असे वाटते.

एखादे गणित साऱ्या राष्ट्रावरच कोणी घातले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९० साली अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने पृथ्वी तापवणाऱ्या देशांची यादी काढली. तिच्यात पहिल्या पाचांत भारत! आपल्याकडे बहुतेक स्वयंपाकघरांत गोवऱ्या आणि काटक्या जळत होत्या, कित्येक गावांत विजेचा खांब नव्हता, आणि जगाच्या न्यायालयात आपण आरोपी. १९९१ साली दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या दोघांनी एक लहानसे पुस्तक लिहून या यादीला उत्तर दिले. त्यांनी आकड्यांशी फारसे भांडण केले नाही, गणिताशी केले. पृथ्वीची हवा आणि समुद्र जो धूर पचवतात, ती पचवण्याची शक्ती कोणाच्या मालकीची? साऱ्या माणसांची असेल, तर ती डोईप्रमाणे वाटली पाहिजे. आणि गरिबाच्या भातखाचरातून निघणारा वायू नि श्रीमंताच्या मोटारीचा धूर हे एकाच तागडीत कसे घालता? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. नुसता भागाकार बदलला आणि आरोपी साक्षीदार झाला. 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे' हे तत्त्व १९९२ च्या जागतिक करारात आले, त्यामागे जे विचार होते त्यांत या दोघांच्या हिशेबाला मानाची जागा आहे.

पण दरडोई हा शब्द मोठा मायावी आहे. परदेशाशी बोलताना आपण आपली सारी डोकी मोजतो. घरात आल्यावर त्यांतली किती जण दिव्याखाली बसतात हे मोजत नाही. मुंबईतली वातानुकूलित बैठक आणि मेळघाटातली झोपडी यांची सरासरी काढली की दोन्ही दिसेनाशा होतात. त्यासाठी घरातही कोणीतरी गणित बदलावे लागते.

तसे बदलणारे एक होते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्यकुमार रेड्डी. वीज किती लागेल याचा अंदाज तोवर साधारण असा काढत, की मागची काही वर्षे जी वाढ झाली तीच पुढे चालू राहील असे धरायचे आणि तेवढी केंद्रे बांधायची. रेड्डी म्हणाले, माणसाला वीज नको असते. त्याला उजेड हवा असतो, शिजलेले अन्न हवे असते, शेतात पाणी हवे असते. तेव्हा आधी किती घरांना दिवे, किती विहिरींवर पंप हे मोजा, चांगला दिवा आणि चांगला पंप धरा, आणि मग सांगा वीज किती. कर्नाटकासाठी त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा हिशेब केला, तेव्हा सरकारी समितीने सांगितलेल्या विजेच्या निम्म्याहूनही कमी विजेत काम भागते असे दिसले; आणि त्यात गरिबाच्या घरातला दिवाही धरलेला होता. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलाला हे प्राध्यापक फार आवडले असते.

खालचा नळ खरोखरच उघडा असल्याचे महाराष्ट्रात सापडले, ती गोष्ट मात्र सगळ्यांत नाट्यमय आहे. १९९२ च्या जूनमध्ये राज्याच्या वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी दाभोळच्या प्रकल्पाचा करारनामा केला. पुढल्या वर्षी वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या अगर न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि तेही डॉलरच्या भावाने, असा तो प्रकार. हा करार सामान्य माणसाला बरेच दिवस पाहायलाही मिळत नव्हता. त्यावर सभा झाल्या, मोर्चे झाले, सरकारे बदलली, करार मोडला आणि पुन्हा जोडला. या गदारोळात पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतली गिरीश संत, शंतनु दीक्षित, सुबोध वागळे ही तरुण माणसे आकडे मांडून बसली होती. ही वीज महाराष्ट्राला किती महाग पडेल हे त्यांनी उघड्यावर करून दाखवले. घोषणेला उत्तर घोषणेने देता येते. ताळा जुळलेल्या हिशेबाला देता येत नाही. २००१ साली वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, माधव गोडबोले यांच्या समितीने त्या कराराची चिकित्सा केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे वाजले.

परंतु मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९९८ च्या कायद्याने राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दर वाढवण्यापूर्वी लोकांपुढे हिशेब मांडण्याची सक्ती झाली. तोवर शेतीपंपांना बहुधा मीटर नव्हते. मग शेतीला किती वीज गेली हे कसे कळणार? तयार झालेल्या विजेतून मोजलेली विक्री वजा करायची, तारांतली गळती म्हणून थोडे टक्के धरायचे, आणि उरलेली सारी शेतकऱ्याच्या नावावर मांडायची! गळती कागदावर वीस टक्क्यांच्या आत. आयोगापुढे या आकड्यांची उलटतपासणी झाली, तेव्हा २००० च्या सुमारास ती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे बाहेर आले. म्हणजे चोरी आणि गळती यांचा मोठा वाटा इतकी वर्षे शेतकऱ्याच्या धोतराच्या सोग्याला बांधलेला होता. फुकटी वीज पिणारा म्हणून सारा शहरी समाज त्याच्याकडे बोट दाखवत होता. त्या बोटाची दिशा काही नागरिकांनी कागद-पेन्सिल घेऊन बदलली. तेव्हापासून इचलकरंजीच्या प्रताप होगाड्यांसारखे लोक वर्षानुवर्षे त्या सुनावण्यांना जाऊन उभे राहत आले आहेत. राष्ट्राच्या वादविवादाला आकार देणारी माणसे म्हटली, की मला दिल्लीच्या बैठकांआधी ही आठवतात.

मोजायचे कुठे, यावरही किती अवलंबून असते! हवेचे प्रदूषण मोजायचे यंत्र पूर्वी शहराच्या चौकात नाही तर कारखान्याच्या धुराड्याजवळ ठेवत. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने गुजरातच्या खेड्यांत ते उचलून चुलीपुढे बसलेल्या बाईच्या अंगावरच लावले. मग कळले, की चौकातला धूर या धुरापुढे काहीच नाही. आपल्या आया आणि आज्या जन्मभर डोळे पुसत फुंकणीने चूल फुंकत राहिल्या; त्यांना हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण त्यांच्या डोळ्यांतले पाणी हा पुरावा नव्हता. यंत्राचा काटा हलला तेव्हा पुरावा झाला. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गरीब बाईच्या नावाने गॅस जोडणी निघू लागली. सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे कुठून आणायचे हे पुढचे गणित तिच्यापुढे आहेच. पण निदान तिचे नाव वहीत आले.

आता माझ्या माहेरची गोष्ट सांगते, कारण हे सारे मला कळले ते पुस्तकांपेक्षा तिथे. दादाची चार एकर जमीन विहिरीच्या पाण्यावर आहे. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असा शिरस्ता तिकडे पुष्कळ वर्षे चालला. रात्रपाळीच्या आठवड्यात दादा अकरा-बाराला बॅटरी आणि काठी घेऊन निघायचा. गव्हाला पाणी पाजायचे तर थंडीत, आणि तेही गुडघाभर चिखलात. साप, विंचू, अलीकडे बिबट्या. शेजारच्या मळ्यातला एक उमदा पोरगा पाणी धरायला गेला होता, सर्पदंशाने गेला. त्याची आई अजूनही रात्री मोटारीचा आवाज आला की दाराशी येते.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी गेले असता वहिनी मला म्हणाली, "वन्सं, बॅटरीचा उजेड बांधावर दिसतो तोवर मी दारात उभी असते. दिसंनासा झाला की उंबऱ्यावर बसते. निजायचं कवा?" तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर दुधाचे रतीब होते, सिलिंडर लावल्याच्या तारखा होत्या आणि काही चौकटींत पेन्सिलीने 'रा' लिहिलेले होते. मी विचारले, हे काय? म्हणाली, "रात्रीचं पाणी. ह्या रात्री माझ्या नव्हत्या."

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. गावात पेढे वाटले गेले. वहिनी म्हणाली, "फुकट कोणी मागितली होती? दिवसा द्या म्हणत होते सारे." मला वाटते, कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने हे इतक्या थोडक्यात सांगितले नसते. निवडणुकीच्या मांडवात गणित घातले जाते ते 'किती रुपयांना' असे; शेतातले गणित 'किती वाजता' असे आहे. आणि गंमत अशी, की ऊन हे दिवसाच पडते! शेतीच्या वाहिनीलाच गावाजवळच्या सौरकेंद्राची वीज जोडावी, म्हणजे पिकाला दिवसा पाणी मिळेल, हा विचार २०१७ पासून राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत आला. देशाला कोळसा कमी करायचा आहे आणि वहिनीला झोपायचे आहे. ही दोन गणिते इथे एका उत्तराला येऊन मिळतात. असे भाग्य सरकारी योजनेच्या वाट्याला क्वचितच येते.

माहेरच्या गावी त्या केंद्रासाठी गायरान द्यायचे की नाही, यावर ग्रामसभा भरली. मीही मागे जाऊन बसले होते. बागायतदार एकमुखाने 'द्या' म्हणत होते. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभी राहिली आणि दिनदर्शिकेची पाने तिने सरपंचांपुढे ठेवली. सभा गप्प झाली. आता ठराव होणार असे वाटत असताना वाडीवरची एक म्हातारी उठली. तिचे सारे चरितार्थ शेरडांवर. ती म्हणाली, "दिवसा वीज तुमच्या मोटरीला. माज्या शेरडांनी काय ऊन खायाचं?"

मला मुळशीच आठवली. उन्हाची वीज स्वच्छ खरी, पण तीही कोणाच्या तरी जमिनीवर उतरते. वहिनीने त्या म्हातारीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यासारखेच आणखी एक जण वहीबाहेर राहिले होते, हे कळल्याचा भाव होता. ठराव त्या दिवशी झाला नाही. पुढल्या महिन्यात चार जणांनी गायरान पायी फिरून पाहिले, शेरडे मोजली, ओढ्याकडचा चराऊ तुकडा राखून खडकाळ अंगाची जमीन द्यावी असे लिहून काढले. प्रस्ताव वर गेला आहे. सौरपत्रे अजून आलेले नाहीत. दादा अजून काही रात्री जातोच. पण वर गेलेल्या त्या कागदावर म्हातारीचीही एक ओळ आहे.

देशाच्या पातळीवर अशी ओळ कोण लिहील, ही माझी खरी काळजी आहे. आकड्यांचा उत्सव चालू आहे. २०२५ साली जाहीर झाले, की देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार झालेली वीज मोजली, तर त्या सुमारास तिच्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच होती. कारण सूर्य रात्री मावळतो आणि भट्टी मावळत नाही. दोन्ही आकडे खरे. कोणता मथळ्यात द्यायचा आणि कोणता आतल्या पानात, हे मात्र कोणीतरी ठरवते. ग्लासगोला सबंध जगाचा मसुदा एका शब्दावर अडला होता: कोळसा 'संपवत न्यायचा' की 'कमी करत न्यायचा'. भारताच्या आग्रहाने दुसरा शब्द आला. त्या एका शब्दात चंद्रपूरसारख्या जिल्ह्याची सारी जिंदगी बसली आहे. तिथे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, भोवती खाणी आहेत. खाणीत कायम नोकरीवर असलेल्याची मोजदाद होते. पण कंत्राटी मजूर, कोळशाच्या ट्रकवरचा क्लीनर, फाटकासमोरची चहाची गाडी यांना कोण मोजणार? त्याच चंद्रपूरच्या आया मुलांच्या छातीतली घरघर ऐकत जागतात, त्यांना कोण मोजणार? एकाला भट्टी चालू हवी, दुसरीला बंद हवी, आणि पुष्कळदा ती दोघे एकाच घरात राहतात.

जर्मनीने कोळसा केव्हा बंद करायचा हे ठरवण्यासाठी २०१८ साली एक आयोग नेमला, तेव्हा त्याच्या अठ्ठावीस मतदार सभासदांत कारखानदारांबरोबर कामगार संघटनांची, पर्यावरणवाद्यांची आणि खाणीकाठच्या गावांची माणसे बसवली होती. त्यांनी २०३८ ही मुदत सुचवली. ती फार लांबची असे तिथल्या अनेक तरुणांचे म्हणणे पडले. म्हणजे सगळ्यांना बसवूनही वाद मिटत नाही. मिटावा अशी अपेक्षाही नाही. पण कोणाशी भांडतो आहोत हे तरी समोरासमोर दिसते.

पाडव्याला आपल्याकडचे व्यापारी नवी वही घालतात. पहिल्या पानावर श्री काढतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग मुनीम पट्टी घेऊन रकाने आखतो. लक्ष्मी पुढे वर्षभर त्या रकान्यांतूनच चालते. देशाची नवी वही याच दिवसांत घातली जात आहे, आणि पट्टी कोणाच्या हातात आहे इकडे आपण पाहिले पाहिजे. आपण म्हणजे मी आणि तुम्ही. फराळाचे ताट बाजूला ठेवून हा अंक चाळणारी घरातली सारी मंडळी.

विजेचे दर बदलायचे असले की आयोगाच्या सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात येते. कोणाही ग्राहकाला तिच्यावर आपले म्हणणे लेखी पाठवता येते. यंदा ती आली की ओलांडून पुढे जाऊ नका. घरातल्या ज्या माणसाला रात्री दाराशी उभे राहावे लागते, जिला सिलिंडर पुरवून पुरवून वापरावा लागतो, त्याला किंवा तिला आधी विचारा आणि मग चार ओळी लिहा. मी गेल्या वर्षापासून लिहू लागले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेवढ्या मराठीत हे काम उत्तम होते.